गोळीच्या आधी काय? चाळिशी-पन्नाशीत हाडं सांभाळण्याचा नेमका क्रम

आईचं मनगट मोडलं तेव्हा ती ५८ वर्षांची होती. मोरीत पाय सरकला, सावरायला हात टेकवला आणि मनगट गेलं. प्लास्टर लागलं, सहा आठवड्यांनी निघालं, "रोज एक कॅल्शियमची गोळी घेत जा" एवढं सांगून तिला घरी पाठवलं. उभ्या उभ्या पडून हाड का मोडावं, हा प्रश्न त्या दवाखान्यात कुणी विचारला नाही आणि घरी आम्हालाही सुचला नाही. पुढची सहा वर्षं तिनं ती गोळी एक दिवस चुकवली नाही. सातव्या वर्षी खुबा मोडला.

तेव्हापासून मी बघते आहे, बहुतेक बायका याच ठिकाणी चुकतात. गोळीनं सुरुवात आणि गोळीवरच शेवट. खरं तर गोळी मधे कुठेतरी येते, आणि काहीजणींना ती लागतही नाही. म्हणून हा क्रम लिहिते आहे. टप्पे गाळू नका आणि मागे-पुढे करू नका. का, ते त्या त्या ठिकाणी येईल.

आधी दोन गैरसमज बाजूला ठेवा. पहिला, "माझे गुडघे दुखतात, म्हणजे हाडं ठिसूळ झाली असणार." गुडघेदुखी बहुतेक वेळा सांध्याच्या झिजेची असते. हाडं ठिसूळ होताना दुखत नाहीत, मोडेपर्यंत काहीही कळत नाही. दुसरा, "रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल आलं, म्हणजे हाडं चांगली." रक्तात कॅल्शियम कमी पडलं की शरीर ते हाडांतून काढून रक्तात आणतं. त्यामुळे हाडं रिकामी होत असतानाही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो.

टप्पा १ : स्वतःची फाईल काढा

एक वही घ्या. डॉक्टरकडे जाण्याआधी पुढच्या गोष्टी तीत लिहून काढा, कारण समोर बसल्यावर निम्मं आठवत नाही.

पाळी शेवटची कधी आली? सलग १२ महिने पाळी नसेल तर रजोनिवृत्ती झाली असं धरतात. आपल्याकडे ती सरासरी ४६-४७ व्या वर्षाच्या आसपास येते. तुमची ४५ च्या आत थांबली असेल तर त्याखाली रेघ मारा. इस्ट्रोजेन (अंडाशयांत तयार होणारं हार्मोन) कमी झाल्यावर पहिली पाच-सात वर्षं हाडं सर्वांत वेगानं झिजतात, आणि तुमचं घड्याळ लवकर सुरू झालेलं असतं.

पिशवी काढली आहे का? काढली असेल तर डिस्चार्ज कार्ड शोधा आणि सोबत अंडाशयंही काढली होती का ते बघा. "पिशवी काढली" एवढंच सांगून बायका गप्प बसतात, पण हाडांसाठी खरा प्रश्न अंडाशयांचा आहे. बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये राज्यभर गाजला. त्यात तिशी-पस्तिशीतल्या बायकाही होत्या. इतक्या कमी वयात अंडाशयं गेली असतील, तर हाडांची तपासणी पन्नाशीपर्यंत लांबवता येत नाही.

पुढचे प्रश्न भराभर लिहा, आणि उत्तर "हो" असेल तिथेही रेघ मारा. चाळिशीनंतर साध्या पडण्यानं कुठलं हाड मोडलं का? आईचा किंवा वडिलांचा खुबा मोडला होता का? उंचीच्या मानानं वजन फार कमी आहे का? सांधे सुजणारा संधिवात (झिजेचा नव्हे), थायरॉइडचं हार्मोन जास्त होण्याचा आजार, वारंवार जुलाब, मुतखडा? तंबाखू, आणि त्यात मिसरीही आली. "मी तंबाखू खात नाही, फक्त मिसरी लावते" असं सांगणाऱ्या बायका मला भेटतात, म्हणून हे वेगळं लिहिते आहे. दिवसातून चार वेळा हिरड्यांना लावलेली मिसरी म्हणजे तंबाखूच.

मग औषधं. दमा, त्वचा किंवा संधिवातासाठी स्टिरॉइडच्या गोळ्या तीन महिन्यांहून जास्त घेतल्या का, फिटच्या गोळ्या चालू आहेत का, स्तनाच्या कॅन्सरनंतर लेट्रोझोल किंवा अ‍ॅनास्ट्रोझोल दिलं आहे का, अ‍ॅसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं चालू आहे का. नावं आठवत नसतील तर पाकिटं पिशवीत घालून न्या.

शेवटी उंची मोजा. सकाळी, अनवाणी, भिंतीला टाचा, कुल्ले आणि पाठ टेकवून उभ्या राहा. डोक्यावर जाड पुस्तक आडवं ठेवून दुसऱ्या कुणाला पेन्सिलीनं खूण करायला सांगा. खुणेशेजारी तारीख लिहा.

*तपासा :* तरुणपणीच्या उंचीपेक्षा ४ सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त घट असेल, किंवा उभं राहिल्यावर डोक्याची मागची बाजू भिंतीला टेकतच नसेल, तर मणका नकळत दबला असण्याची शक्यता आहे. पाठीचा एक्स-रे मागून घ्या.

टप्पा २ : तपासण्या, आणि त्यांचाही क्रम

आधी रक्त, मग डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी. कारण आपल्याकडे ड जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळते, आणि तिच्यामुळे होणारा हाडं मऊ पडण्याचा आजार ऑस्टिओपोरोसिससारखाच, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याच्या आजारासारखाच दिसतो. डेक्साला हा फरक कळत नाही. घनता कमी, एवढंच ते सांगतं. रक्तात अल्कलाइन फॉस्फेटेज वाढलेलं असेल, ड जीवनसत्त्व तळाला असेल, मांड्या-कंबर ठणकत असतील आणि जिना चढणं जड जात असेल, तर आधी उपचार कमतरतेचा.

साधारण या तपासण्या लागतात : कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज, क्रिएटिनिन (किडनीसाठी), २५-हायड्रॉक्सी ड जीवनसत्त्व, टीएसएच (थायरॉइडसाठी) आणि हिमोग्राम. पॅराथायरॉइड हार्मोन वगैरे पुढच्या तपासण्या डॉक्टर गरजेप्रमाणे सांगतील.

डेक्सा कुणी करावी? वय ६५ झालेल्या प्रत्येकीनं. त्याआधी, पाळी थांबली आहे आणि वहीत एखादी रेघ आहे अशा प्रत्येकीनं. ४२ वय, पाळी नियमित, धोका काही नाही, अशांना सहसा गरज पडत नाही.

*सावध :* सोसायटीत, मंडळात, औषधाच्या दुकानाबाहेर शिबिरं लागतात, टाच एका यंत्रात ठेवतात आणि दोन मिनिटांत चिठ्ठी मिळते. ती सोनोग्राफीच्या तत्त्वावरची प्राथमिक चाचणी आहे. त्या चिठ्ठीवरून ना औषध सुरू करायचं, ना निर्धास्त राहायचं. निदान कंबरेचे मणके आणि खुबा यांच्या डेक्सावरून होतं.

डेक्साच्या आदल्या दिवसापासून कॅल्शियमची गोळी घेऊ नका. पोटात न विरघळलेली गोळी मणक्याच्या चित्रात उमटते. बेरियमचं औषध पिऊन काढलेला एक्स-रे, रंगद्रव्य देऊन केलेला सीटी किंवा न्यूक्लिअर स्कॅन नुकताच झाला असेल तर तसं सांगा, दोन आठवडे थांबावं लागतं. हुक-चेन नसलेले कपडे घाला.

रिपोर्टमध्ये टी-स्कोअर बघा, म्हणजे तरुण, निरोगी हाडांच्या तुलनेत तुमची घनता. उणे १ किंवा त्याहून वर असेल तर नॉर्मल. उणे १ आणि उणे २.५ यांच्या मधे असेल तर घनता कमी, त्याला ऑस्टिओपेनिया म्हणतात. उणे २.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस. पाळी चालू असेल तर टी-स्कोअर लावायचा नसतो, झेड-स्कोअर बघायचा, त्यात तुलना आपल्याच वयाच्या बायकांशी असते. मणका आणि खुबा यांतला जो आकडा वाईट, तो धरायचा. "सरासरी बरी आहे" असं समाधान करून घेऊ नका. वाढत्या वयात मणक्याच्या झिजेमुळे तिथला आकडा खोटा चांगला दिसू शकतो, म्हणून खुब्याची ओळ डोळसपणे वाचा.

आणि टी-स्कोअर काहीही असो, साध्या पडण्यानं खुबा किंवा मणका मोडला असेल तर ते ऑस्टिओपोरोसिसच समजतात. मनगट मोडलं असेल तर किमान पुढच्या तपासणीचं कारण तरी समजायचं. आईच्या बाबतीत आम्ही नेमका हाच निरोप वाचला नाही.

टप्पा ३ : ड जीवनसत्त्व आधी भरून काढा

ड नसेल तर आतड्यातून कॅल्शियम नीट शोषलं जात नाही. म्हणून हा टप्पा कॅल्शियमच्या आधी.

रक्तातली पातळी २० नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर कमतरता. डॉक्टर सहसा ६०,००० युनिटची मात्रा आठवड्यातून एकदा, आठ आठवडे देतात आणि नंतर महिन्याला एक किंवा रोजची छोटी मात्रा. जेवणानंतर घ्या. तूप-तेलाच्या जेवणासोबत ते चांगलं शोषलं जातं.

*सावध :* "आठवड्याला एक" हे "रोज एक" असं ऐकून महिनाभर घेणाऱ्या बायका असतात. आठ आठवडे संपल्यावर स्वतःच पुन्हा आठ आणणाऱ्याही असतात. जास्त झालेलं ड लघवीवाटे निघून जात नाही, ते साठतं. रक्तातलं कॅल्शियम वाढून मळमळ, बद्धकोष्ठ, सारखी तहान, आणि पुढे किडनीला इजा. घ्यायचा वार ठरवा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर फुल्या मारा.

आता उन्हाबद्दल. "सकाळी सातचं कोवळं ऊन घेते" हे मी शंभरदा ऐकलं आहे. त्या तिरप्या उन्हात ड तयार करणारे किरण फारच कमी असतात. साधी खूण, आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाचं ऊन उपयोगी. हात आणि पाय उघडे ठेवून, काही मिनिटं, त्वचा लाल होण्याआधी आत. बंद काचेतून आलेलं ऊन हिशेबात धरू नका, काच ते किरण अडवते. पातळी फार खाली असेल तर नुसत्या उन्हावर विसंबू नका.

टप्पा ४ : ताटातलं कॅल्शियम मोजा, मग गोळी ठरवा

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ बाईला दिवसाला १००० मिलिग्रॅम आणि रजोनिवृत्तीनंतर १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. तुमचं किती होतं ते एका साध्या दिवसावर मोजा. सणाचा दिवस धरू नका.

दोन कप चहातलं दूध मिळून १०० मिलिलिटर, म्हणजे सुमारे १२०. एक वाटी दही, सुमारे १५०. पोळी, वरण-भात, भाजी धरून दोनशे-अडीचशे. बेरीज पाचशेच्या आसपास. बहुतेक घरांत आकडा इथेच थांबतो.

आता ताटातच भर घाला. नाचणीत १०० ग्रॅमला सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. पन्नास ग्रॅम पिठाच्या एका भाकरीतून पावणेदोनशे मिळतं. नाचणी मोड आणून किंवा आंबवून घेतली, म्हणजे आंबील केली, की शोषणात आड येणारी द्रव्यं कमी होतात. पण सत्त्व करताना फडक्यातून गाळून चोथा टाकून देऊ नका, कॅल्शियमचा मोठा भाग त्या सालीत आहे. एक मोठा चमचा सालासकट तीळ म्हणजे सुमारे १००. बाजारातले पांढरेशुभ्र, सोललेले तीळ या कामाचे नाहीत. २०० मिलिलिटर दूध म्हणजे २४०. शेवग्याचा पाला, मेथी, कुळीथ, राजगिऱ्याचे दाणे हेही चांगले. मासे खाणाऱ्यांनी काट्यासकट चावून खाता येतील असे छोटे मासे घ्यावेत. सुकं चालेल, पण मीठ धुऊन. पालकावर भिस्त नको. त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून ठेवतं आणि शरीराला फारच थोडं मिळतं.

भाकरी, दूध आणि तिळाची चटणी रोज आली की आकडा हजारापर्यंत जातो. मग गोळी लागते ती उरलेल्या दोनशेसाठी. "सकाळी एक, रात्री एक" हा हिशेब बहुतेकींना जास्तच होतो.

गोळीचं पाकीट उलटं करून वाचा. कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलिग्रॅम असं ठळक लिहिलेलं असतं आणि बारीक अक्षरात एलिमेंटल कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम. मोजायचं ते ५००. एका वेळी त्याहून जास्त घेऊ नका, शोषलं जाणार नाही. कार्बोनेट जेवणासोबत घ्यायचं. अ‍ॅसिडिटीची गोळी रोज चालू असेल तर डॉक्टरांकडे सायट्रेटबद्दल विचारा, ते रिकाम्या पोटीही चालतं.

*तपासा :* थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम यांत चार तासांचं अंतर आहे ना? लोहाची गोळीही वेगळ्या वेळी घ्या. मुतखडा होऊन गेला असेल किंवा किडनीचा त्रास असेल तर कॅल्शियम आपल्या मनानं सुरू करू नका.

ताटातल्या दोन गोष्टी अजून. जास्त मिठानं लघवीवाटे कॅल्शियम जातं, तेव्हा रोजचा पापड आणि लोणच्याची फोड कमी करा. आणि प्रथिनं. सगळ्यांना वाढून उरलेल्या पातळ वरणावर हाडं टिकत नाहीत. डाळ घट्ट घ्या, उसळ घ्या, अंडं चालत असेल तर अंडं घ्या. सगळ्यांच्या शेवटी जेवायला बसत असाल तर तुमची वाटी आधी काढून ठेवा.

टप्पा ५ : हाडांवर भार टाका

इथे सगळ्यात जास्त बायका थांबतात, कारण "मी चालते की रोज". चालणं हृदयाला चांगलं आहे. हाडं धरून ठेवायला तेवढं पुरत नाही. स्नायूनं हाड ओढावं लागतं आणि हाडावर नेहमीपेक्षा जास्त वजन यावं लागतं. पोहण्यात शरीर तरंगतं, म्हणून हाडांसाठी त्याचा उपयोग कमी.

पहिले दोन आठवडे तोल आणि पाय. जेवणाच्या टेबलाची बिनहाताची खुर्ची भिंतीला टेकवा. पुढच्या कडेवर बसा, पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे, हात छातीवर घडी. नाक पायाच्या बोटांच्या वर येईल इतकं पुढे झुका आणि टाचांवर जोर देऊन उठा. बसताना चार आकडे मोजत सावकाश बसा. धपकन बसलात तर निम्मा व्यायाम वाया गेला. दहा वेळा, दिवसातून दोनदा. मग ओट्याला एक बोट टेकवून एका पायावर दहा आकडे, मग दुसऱ्या.

तिसऱ्या आठवड्यापासून वजन, आठवड्यातून दोन-तीन दिवस, मधे एक दिवस सुट्टी. एक लिटर पाण्याची बाटली म्हणजे एक किलो. भिंतीवर हात टेकवून दंड, बाटल्या खांद्यापर्यंत उचलणं, पाठीवरच्या पिशवीत दोन किलो तांदूळ घालून तीच खुर्चीची उठबस. टी-स्कोअर बरा असेल तर चवड्यांवर उंच होऊन टाचा जमिनीवर टेकवणं, वीस वेळा. बारा वेळा सहज जमायला लागलं की वजन वाढवा. तीन वर्षं त्याच एक किलोच्या बाटल्या उचलणं ही नेहमीची चूक.

*सावध :* टी-स्कोअर उणे २.५ च्या खाली असेल किंवा मणका दबलेला असेल तर पाठ गोल करून पुढे वाकायचं नाही. पश्चिमोत्तानासन, हलासन, सूर्यनमस्कारातलं पादहस्तासन आणि पोटाचे सिट-अप्स बंद. योगवर्गात रिपोर्ट दाखवा, संकोच करू नका. बादली उचलतानाही तेच : बादली पायांजवळ ओढून घ्या, गुडघ्यात वाका, पाठ सरळ ठेवा, आणि भरलेल्या एका बादलीऐवजी अर्ध्या दोन.

टप्पा ६ : घर

एका संध्याकाळचं काम आहे. मोरी-संडासात भिंतीत पक्का बसवलेला दांडा लावा. टॉवेलची दांडी नको, ती उपटून हातात येते. सैल पायपुसणी काढून टाका. पलंगापासून संडासापर्यंत रात्रीचा छोटा दिवा. झिजलेल्या चपला फेका. गाऊन आणि साडी घोट्याच्या वर. कोकणात आणि घाटावर पावसाळ्यात मागच्या दारी शेवाळ धरतं, ते जूनमध्येच ब्रशनं घासून काढा आणि दर पंधरवड्याला पुन्हा.

डोळे तपासून घ्या. बीपीच्या किंवा झोपेच्या गोळीनंतर उठताना अंधारी येत असेल तर ते डॉक्टरांना सांगा.

टप्पा ७ : औषध लागलंच तर

ऑस्टिओपोरोसिस ठरल्यावर नुसतं कॅल्शियम आणि ड पुरत नाही. हे स्पष्ट विचारा : "मला हाडांचं औषध लागेल का?" पाळी थांबून दहा वर्षं झाली नसतील, वय साठच्या आत असेल आणि गरम वाफांचा त्रासही असेल, तर हार्मोन उपचाराबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोला. कोणतंही औषध सुरू करण्याआधी ड भरलेलं हवं आणि दातांची मोठी कामं उरकलेली हवीत.

अ‍ॅलेन्ड्रोनेटची आठवड्याची गोळी सकाळी उपाशीपोटी, भांडंभर साध्या पाण्यासोबत. त्यानंतर अर्धा तास चहा नाही, दूध नाही, दुसरी गोळी नाही आणि आडवं व्हायचं नाही. चहासोबत घेतली तर ती शोषलीच जात नाही. घेऊन पडून राहिलं तर अन्ननलिका भाजते. झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड वर्षातून एकदा शिरेतून देतात. आधी किडनीची तपासणी, त्या दिवशी भरपूर पाणी, आणि नंतर एक-दोन दिवस ताप-अंगदुखी येऊ शकते.

*सावध :* डेनोसुमॅबचं इंजेक्शन दर सहा महिन्यांनी असतं. "आता बरं वाटतंय" म्हणून ते सोडलं की हाडं वेगानं झिजतात आणि एकापाठोपाठ मणके मोडू शकतात. तारीख लांबवू नका. थांबवायचंच असेल तर डॉक्टर दुसरं औषध लावून थांबवतात.

कुठलंही औषध किती वर्षं, हे पहिल्याच दिवशी विचारून वहीत लिहा. गोळ्यांचा आढावा साधारण पाच वर्षांनी घेतात. मधेच मांडीत खोल दुखू लागलं किंवा जबड्यात न भरणारी जखम झाली तर लगेच दाखवा.

टप्पा ८ : वर्षातून एकदा

भिंतीवरच्या त्याच खुणेशी उंची मोजा. २ सेंटिमीटर घटली असेल तर मणक्याचा एक्स-रे. डेक्सा डॉक्टर सांगतील तेव्हा, सहसा एक-दोन वर्षांनी, आणि शक्यतो त्याच यंत्रावर. वेगवेगळ्या यंत्रांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. ताटाची बेरीज पुन्हा करा.

आणि मधल्या काळात कधी बादली उचलताना, शिंकताना किंवा रिक्षा खड्ड्यात आदळल्यावर पाठीत एकदम कळ आली, उठता-बसता ती वाढते आहे आणि आडवं पडलं की कमी होते आहे, तर बाम चोळत आठवडा घालवू नका. त्याच दिवशी एक्स-रे काढा आणि ही वही सोबत न्या.